पिंपळी, पॅप्रिका आणि पोटातली आग

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माण तालुक्यातले सत्तरीचे एक आजोबा सुनेबरोबर ओपीडीत आले. चेहरा पांढराफटक पडलेला, दोन पावले चालले की दम लागत होता. बाकावर टेकता टेकता त्यांनी स्वतःच निदान सांगून टाकले, "डॉक्टरसाहेब, तिखट सोडलंय बघा मी. दोन म्हयनं झालं, मिरचीला शिवलो न्हाई. तरीबी पोटातली आग काय जात न्हाई."

शौचाला काळी होते का, असे विचारल्यावर ते गप्प बसले. सून म्हणाली, "डांबरासारखी होतीया. मामा सांगत नव्हते, काल चक्कर येऊन पडले तवा कळलं." रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सहाच्या आत. आणखी कुठली औषधे चालू आहेत का, असे दोनदा विचारले, तेव्हा कुठे बंडीच्या खिशातून गोळ्यांची पट्टी बाहेर आली. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. दिवसाला दोन, आणि सकाळची बहुधा उपाशीपोटी. दुर्बिणीने तपासल्यावर जठरात व्रण दिसला. त्यातून थोडे थोडे रक्त जात होते.

दोन महिने आजोबांनी मिरचीवर राग काढला होता, आणि खरा चोर त्यांच्याच खिशात बसला होता.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात राऊंड घेत असताना त्यांची आठवीतली नात खाटेशेजारी वेफर्सची पुडी घेऊन बसलेली दिसली. तिने पुडीच्या मागची बारीक अक्षरे दाखवली आणि विचारले, "डॉक्टर, यात पॅप्रिका आहे असं लिहिलंय. पॅप्रिका म्हणजे काय? आबांना चालंल का?"

पॅप्रिका म्हणजे मिरचीच, एवढे सांगून मी पुढच्या खाटेकडे गेलो. पण ते उत्तर अर्धे होते. उरलेले अर्धे सांगण्यासाठी हा लेख, कारण त्या एका शब्दात आजोबांच्या चुकीचेही उत्तर आहे.

पिंपळी निघाली प्रवासाला

पॅप्रिका हा शब्द इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला तो हंगेरियन भाषेतून. हंगेरीत त्याचा उच्चार 'पॉप्रिकॉ' असा काहीसा होतो. लाल मिरचीची पूड हा तिथल्या स्वयंपाकाचा प्राण. आपल्याकडे आमटीला चटणी लागते, तशी त्यांच्या 'गुयाश' या रस्स्याला पॅप्रिका लागते. पण शब्द मूळचा हंगेरियन नाही. तो त्यांनी शेजारच्या सर्ब आणि क्रोएशियन लोकांकडून घेतला. त्या भाषांत 'पापर' म्हणजे काळी मिरी. त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून झाले 'पॅप्रिका', म्हणजे 'छोटी मिरी'.

आता 'पापर' कुठून आला? लॅटिनमधल्या 'पिपेर'वरून. इंग्रजीतला 'पेपर'ही त्याचाच भाऊ. लॅटिनने तो शब्द ग्रीकमधल्या 'पेपेरि'वरून घेतला. आणि ग्रीकांनी तो व्यापाऱ्यांच्या तोंडून, इराणच्या वाटेने ऐकला तो आपला 'पिप्पली'. पिप्पली म्हणजे मराठीतली पिंपळी. आजीच्या औषधांच्या डब्यात सुंठ आणि वेखंडाच्या शेजारी असते ती लेंडी पिंपळी. खोकला झाला की मधातून चाटवायची ती.

वाटेत 'ल'चा 'र' झाला, अर्थही थोडा सरकला. ग्रीक-रोमन जगात पिंपळी आणि काळी मिरी दोन्ही भारतातूनच जात. नाव पिंपळीचे होते, ते मिरीलाही चिकटले. प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दोन्हींचे भाव नोंदवून ठेवले आहेत. काळी मिरी पौंडाला ४ दिनार, तर पिंपळी १५. एवढ्या लांबून नुसत्या तिखटपणासाठी लोक माल मागवतात, याचे त्याला नवल वाटे आणि रोमचा पैसा भारताकडे वाहतो याचे दुःखही होते.

म्हणजे वेफर्सच्या पुडीवरचा तो परदेशी शब्द आपल्याच डब्यातून निघून, इराण, ग्रीस, रोम, बाल्कन, हंगेरी आणि इंग्लंड असा फेरा घालून परत आला. गंमत अशी की या प्रवासात शब्द टिकला, पण त्याच्या आतली वनस्पती बदलली. गेली ती पिंपळी, आली ती मिरची.

मिरीवरून मिरची

मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९२ मध्ये कोलंबस काळी मिरी शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोचला. तिथल्या लोकांच्या जेवणात त्याला एक लाल फळ दिसले. ते खाऊन जीभ भाजली, म्हणून त्याने ते मिरीच्याच जातीत घातले. स्पॅनिशमध्ये मिरीला 'पिमिएंता' म्हणतात, या फळाला 'पिमिएंतो' म्हणू लागले. पुढे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मिरची गोव्यात आणली आणि ती घाट चढून आपल्या परड्यात आली. हंगेरीत ती तुर्कांच्या वाटेने गेली. त्या काळात हंगेरीच्या मोठ्या भागावर तुर्कांचे राज्य होते. त्यामुळे पॅप्रिका हा शब्द रुळण्यापूर्वी तिथे मिरचीला 'तुर्की मिरी' असे म्हणत.

आपण तरी वेगळे काय केले? संस्कृतात काळ्या मिरीला 'मरिच' म्हणतात. त्यावरून मराठीत मिरी आणि मिरे आले. अनोळखी लाल फळ दारात आले तेव्हा आपणही त्याला मिरीचेच नाव दिले, मिरची. कोकणीत ती 'मिरसांग'. जत किंवा मिरजेकडच्या कन्नड बोलणाऱ्या घरांत विचारा. काळी मिरी म्हणजे 'मेणसु' आणि मिरची म्हणजे 'मेणसिनकायी', मिरीचे फळ. तमिळमध्ये मिरी 'मिळगु' आणि मिरची 'मिळगाय'. इंग्रजांनीही तिला 'पेपर'च म्हटले.

एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी, पाच-सात भाषांत, एकच चूक केली. चूक म्हणायचे कारण वनस्पतिशास्त्र. मिरी आणि पिंपळी एका कुळातल्या वेली. मिरची वेगळ्याच कुळातली, वांगी, टोमॅटो आणि बटाट्याची बहीण. दोघींचे पान, फूल, फळ काहीच जुळत नाही. जुळते ती फक्त तोंडात लागणारी आग.

मिरची येण्यापूर्वी आपले पूर्वज काय खात होते, असा प्रश्न रुग्ण अनेकदा विचारतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला. आपला कऱ्हाड-सांगलीचा मुलूखही तेव्हा त्याच घराण्याच्या छायेत होता. त्या ग्रंथात राजवाड्यातल्या पदार्थांची मोठी वर्णने आहेत. हिंग आहे, आले आहे, मिरी आहे, मिरची नाही. तांबडा रस्सा आणि ठेचा ही आपली ओळख फार तर चारेकशे वर्षांची.

कडू आणि तिखट यांची अदलाबदल

आणखी एका शब्दाने आमच्या ओपीडीत घोटाळा होतो. आयुर्वेदात सुंठ, मिरी आणि पिंपळी या तिघींना मिळून 'त्रिकटू' म्हणतात. मराठी माणसाला वाटते, तीन कडू औषधे. पण संस्कृतातला 'कटु' म्हणजे तिखट. त्याच शब्दाचे मराठीत 'कडू' झाले आणि अर्थ बदलला. संस्कृतात कडू चवीला 'तिक्त' म्हणतात, आणि आपला 'तिखट' आला आहे तो 'तीक्ष्ण'वरून. तीक्ष्ण म्हणजे टोचणारे, धारदार. त्यामुळे जुन्या पुस्तकात 'कटु पदार्थ वर्ज्य' असे वाचून कारले सोडणारे आणि मिरची चालू ठेवणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

पण 'तीक्ष्ण' हा शब्द मात्र अगदी नेमका आहे. तिखट ही चव नाहीच, ती टोचणी आहे. गोड, आंबट, खारट, कडू या चवी जिभेवरच्या रुचिकलिका ओळखतात. तिखटाची वर्दी वेदनेच्या मज्जातंतूंतून जाते. म्हणून तर तिखट हाताला लागते, डोळ्यांना लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शौचाच्या जागीही लागते. साखर हाताला गोड लागत नाही.

जिभेचे बरोबर होते

मिरचीतला झोंबणारा पदार्थ म्हणजे कॅप्सेसिन. मिरीत आणि पिंपळीत असतो तो पिपेरिन. सुंठीत आणखी वेगळे पदार्थ. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही वेगवेगळी मंडळी. मग सगळ्यांची आग एकसारखी का?

याचे उत्तर १९९७ मध्ये मिळाले. अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनेच्या मज्जातंतूंवरचे एक प्रथिन शोधले. ते दरवाजासारखे काम करते. कॅप्सेसिन आले की दार उघडते आणि मेंदूला 'भाजले' असा निरोप जातो. तेच दार साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडते. म्हणजे गरम चहाने भाजणे आणि मिरचीने भाजणे यांत मेंदूला फरक कळत नाही, कारण दोन्ही निरोप एकाच दारातून येतात. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक अर्डेम पटापुटियन यांच्यासोबत विभागून मिळाले.

पुढे दिसून आले की पिपेरिनही हेच दार उघडते, जोर थोडा कमी. सुंठी-आल्यातले तिखट पदार्थही याच दाराशी येतात. म्हणजे त्रिकटूच्या तिन्ही औषधी आणि मिरची, सगळ्यांची किल्ली एकाच कुलपाला लागते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ज्या नावाला चूक म्हटले, ते नाव जिभेने ठेवले होते, आणि जिभेचे बरोबर होते. हंगेरीच्या शेतकऱ्याने 'छोटी मिरी' म्हटले, माणदेशातल्या बाईने 'मिरची' म्हटले, तेव्हा दोघांच्याही तोंडात तेच दार उघडले होते.

पक्ष्यांमध्ये हे दार असते, पण त्याला कॅप्सेसिनची किल्ली लागत नाही. पिंजऱ्यातला पोपट लवंगी मिरची मिटक्या मारत खातो तो धाडसी असतो म्हणून नव्हे, त्याला ती तिखट लागतच नाही.

यातून सामान्य माणसाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. मिरचीने आग होते, म्हणजे तिथे भाजले किंवा जखम झाली असे नाही. आग हा निरोप आहे. निरोप खरा की खोटा, आणि तो कशामुळे आला, हे वेगळे तपासावे लागते. आजोबांनी नेमके तेच केले नव्हते.

सेगेड गावचे दोन डॉक्टर

पॅप्रिकाचे हंगेरीतले माहेर म्हणजे सेगेड आणि कालोचा ही गावे. आपल्याकडे शिमगा झाला की मिरच्या अंगणात वाळत पडतात, तशा तिथे शरद ऋतूत घराघरांवर लाल माळा लटकतात. एकोणिसाव्या शतकात सेगेडच्या पाल्फी बंधूंनी मिरचीच्या बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढून दळण्याची सोय केली आणि कमी तिखट, लालभडक पूड बाजारात आली. तिखटपणा मुख्यतः त्या पांढऱ्या शिरांत असतो, बियांत नव्हे. बियांना तो शिरांना चिकटल्यामुळे लागतो. आपल्याकडच्या बायकांना हे हिशेब वेगळ्या रीतीने ठाऊक आहेत. चटणी करताना ब्याडगी रंगाला आणि लवंगी झणक्याला. आज खाद्यपदार्थांना लाल रंग देण्यासाठी मिरचीचा अर्क काढतात, त्यासाठी कर्नाटकातली ब्याडगी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पुडीवर त्याचे नाव पडते पॅप्रिका.

याच सेगेडच्या विद्यापीठात १९३० च्या दशकात अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी नावाचे वैद्यकशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी १९२८ मध्ये प्राण्यांच्या ग्रंथींतून एक पांढरा पदार्थ वेगळा केला होता. तो नेमका काय आहे हे कळेना, म्हणून त्यांनी त्याला 'देव जाणे' अशा अर्थाचे थट्टेचे नाव सुचवले आणि नियतकालिकाच्या संपादकांनी ते नाकारले. पुढे सेगेडमध्ये गिनिपिगवर प्रयोग करून लक्षात आले की स्कर्व्ही रोखणारे 'क' जीवनसत्त्व ते हेच. पण अभ्यासाला पुरेल एवढा साठा उरला नव्हता. एका रात्री पत्नीने जेवणात ताजी पॅप्रिका वाढली. ती खायची इच्छा नव्हती, म्हणून ते ती उचलून प्रयोगशाळेत घेऊन गेले. मध्यरात्रीपर्यंत उत्तर मिळाले. ताजी मिरची 'क' जीवनसत्त्वाने भरलेली होती. आजवर ग्रॅमच्या हिशेबात मिळणारा पदार्थ काही आठवड्यांत किलोने मिळू लागला. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे डॉक्टर मिक्लोश यांचो, तेही सेगेडचेच. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवले की कॅप्सेसिन वारंवार लावले की वेदनेचे मज्जातंतू थकतात आणि निरोप देणे कमी करतात. आपल्या भागातला माणूस झणझणीत कट डोळ्यांत पाणी न येता पितो, त्यामागे सवय म्हणजे हीच. याच तत्त्वावर नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेसाठी आणि मधुमेहातल्या पायांच्या आगीसाठी कॅप्सेसिनची मलमे निघाली. मात्र ती मोजून केलेली औषधे आहेत, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरायची. घरातली चटणी कुठेही चोळू नये.

आणि एक कळकळीची विनंती. कुत्रा चावल्यावर जखमेत तिखट भरण्याची पद्धत आजही काही गावांत दिसते. आग झाली म्हणजे विष जळाले, अशी समजूत. आग फक्त मज्जातंतूंची होते, रेबीजच्या विषाणूंचे तिखटाने काही वाकडे होत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात या. लस तिथे मोफत मिळते. रेबीज एकदा झाला की आमच्या हातात काही उरत नाही.

तिखट झोंबू लागले तर

आता आजोबांच्या प्रश्नाकडे. मिरचीमुळे जठरात व्रण होतो का? तसे सिद्ध झालेले नाही. बहुतेक व्रणांची मोठी कारणे दोन. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जिवाणू. त्याचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल मिळाले. दुसरे, वेदनाशामक गोळ्या. त्या जठराच्या आतल्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. वय जास्त, सोबत रक्त पातळ करणारी गोळी, तंबाखू किंवा दारू असेल तर धोका वाढतो. मिरचीने असलेला व्रण जास्त जाणवतो, आणि म्हणूनच ती बदनाम होते. ती आरोपी नाही, साक्षीदार आहे. साक्षीदाराला घरी पाठवले की गुन्हा मिटत नाही. काळी शौच, रक्ताची उलटी, विनाकारण वजन घटणे, गिळायला त्रास यांपैकी काहीही असेल तर पथ्याचे प्रयोग न करता तपासणी करून घ्यावी.

मिरची कमी करावी अशी माणसे जरूर आहेत. छातीत जळजळ होऊन आंबट पाणी वर येणारे, गुदद्वारी चीर पडलेले, आतडी हळवी असलेले. त्यांनी आपले प्रमाण आपण ठरवावे.

याहून महत्त्वाचा निरोप तोंडातून येतो. "डॉक्टर, हल्ली नेहमीचंच कालवण तोंडाला झोंबतंय," असे कुणी म्हणाले की मी पहिल्यांदा सुपारी, मावा किंवा गुटखा खाता का, हे विचारतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण विशी-पंचविशीतली मुले अजूनही ओपीडीत येतात. सुपारीने गालाचे आतले अस्तर कडक आणि पांढरट होत जाते. त्याची पहिली तक्रार बहुधा हीच असते, तिखट सहन न होणे. नंतर तोंड उघडेनासे होते, आणि त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. घरच्या घरी एक चाचणी करता येते. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर दंतवैद्यांना लगेच दाखवा आणि सुपारी त्याच दिवशी सोडा.

बायकांमध्ये तिखट झोंबण्याचे नेहमीचे कारण वेगळे, रक्तक्षय. लोह किंवा ब-१२ कमी झाले की जीभ गुळगुळीत, लाल होते आणि साधी आमटीही लागते. मधुमेह ताब्यात नसेल तर तोंडात बुरशी वाढूनही असे होते. चटणी तीच, डबा तोच, मग अचानक तिखट का लागते? मिरची बदललेली नसते, जीभ बदललेली असते.

रक्तक्षयाच्या निमित्ताने सेंट-ज्यॉर्जींची मिरची पुन्हा उपयोगी पडते. भाकरीतले, पालेभाजीतले लोह शरीरात नीट शोषले जायला 'क' जीवनसत्त्व लागते. वजनास वजन धरले तर ताज्या हिरव्या मिरचीत ते संत्र्याहून अधिक असते. पण आपण संत्रे अख्खे खातो आणि मिरची दोन-चार ग्रॅम. शिवाय वाळवताना, साठवताना आणि शिजवताना ते बरेचसे नष्ट होते, म्हणून लाल तिखटाच्या भरवशावर राहू नये. जेवणात लिंबू पिळावे, मधल्या वेळी पेरू किंवा आवळा खावा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. जेवण झाल्या झाल्या चहा पिण्याची सवय लोह अडवते. तासाभराचे अंतर ठेवावे.

पिंपळीबद्दलही एक सावधगिरी. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की हळदीतल्या कर्क्युमिनबरोबर पिपेरिन दिले तर त्याचे रक्तातले प्रमाण कित्येक पटींनी वाढते. तेव्हापासून हळद आणि मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल जोरात खपतात. सांगलीच्या हळदीचा अभिमान मलाही आहे, आणि आमटीतली हळद निर्धास्त खावी. पण पिपेरिन जसे हळदीचे प्रमाण वाढवते, तसे फिटच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही वाढवू शकते. आणि अशा कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याचे रुग्णही नोंदले गेले आहेत. नियमित औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कॅप्सूल घेऊ नयेत.

शेवटी मसाल्याच्या हंगामातली तक्रार. मिरच्यांची देठे काढून किंवा डंकावरून आल्यावर हातांची आग होते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी हातांना खाण्याचे तेल चोळावे, मग साबणाने धुवावेत. तोंडात आग पडली तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरे. त्या हातांनी डोळे चोळू नयेत आणि बाळाला घेऊ नये.

आजोबांना रक्ताच्या पिशव्या लागल्या, व्रणाचे औषध चालू केले आणि गुडघ्यांसाठी व्यायाम आणि सौम्य गोळी लिहून दिली. दोन महिन्यांनी ते परत आले तेव्हा एस्टी स्टँडपासून चालत आले होते. त्यांनी विचारले, "आता ठेचा खाऊ का?" मी म्हणालो, "खावा, बेतानं. पण दुकानातनं इचारून गोळी आणायची न्हाई."

नात सोबत होती. तिने कागदात बांधलेली लेंडी पिंपळी टेबलावर ठेवली आणि विचारले, "पॅप्रिका, पॅप्रिका म्हणत होता ती हीच का?"